मिक्सर चालू असताना

बदलापूर (पूर्व)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. राजसी,

तुला, सुयोगला आणि लेकीला घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद. आमचं बरं चाललंय. माईंचा गुडघा सुजलाय, पण तोंड ठणठणीत आहे. काल भाकरीत मीठ कमी म्हणून दोनदा बोलल्या आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. ह्यांची या आठवड्यात सकाळची पाळी आहे, तेव्हा हे पत्र ते एमआयडीसीत तुझ्या कंपनीच्या गेटवर तुझ्या हातात देतील. पाकीट लग्नपत्रिकेचं आहे, उलटं करून चिकटवलंय. हसू नकोस. चांगला कागद होता.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी हे बोलू शकले नसते. आणि माई कान देऊन असतात.

काल सुयोगचा फोन आला. म्हणाला, "वहिनी, रविवारी आम्ही येतोय. त्या नाटकवाल्यांनी हिला परत बोलावलंय. वर्षभर दौरा, आणि या वेळी गाणी पण हिनेच लिहायची. एक तारखेच्या आत कंपनीत राजीनामा द्यावा लागेल. तुम्ही देवीला एकदा विचारा, मग देऊ दे." तेवढ्यात मागून तू ओरडलीस, "वहिनी, या टायमाला देवीला जरा मस्का मारा ना!"

मी हसले. फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसले. दिवा लावायचा राहिला.

आधी मंडळाची बातमी सांगते. आज श्रावणातला मंगळवार, म्हणून भजन द्रौपदीकडे होतं. टाळ वाटेपर्यंत तिने काय करावं? नातवाच्या फोनवर तुझं गाणं लावलं. सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. मला म्हणते कशी, "परबवहिनी, तुमच्या जाऊबाई आता मोठ्या झाल्या हो. तुम्हाला ओळख देतात ना?" मी म्हटलं, "देते की, भांडी पण घासून जाते." बायका हसल्या. पण मग मी पहिला अभंग उचलला तो खालच्या पट्टीत लागला, आणि माझ्याच्याने तो वर काढवेना. बावीस वर्षं त्या मंडळात पहिला अभंग मीच उचलते. आज द्रौपदीने माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

स्टेशनजवळचा चंदू वाणी, उल्हासनगरचा, तो तर परवा साबुदाणा बांधता बांधता म्हणाला, "वहिनी, वो राजसी मॅडम तुमची जाऊ आहे ना? मेरी मिसेस उनकी फॅन आहे." एकोणतीस वर्षं मी त्याच्याकडून सामान आणते. आधी मी दिनानाथ परबांची मिसेस होते. आता तुझी जाऊ झाले. साबुदाणा मात्र पाव किलोला दाणाभरही जास्त घातला नाही.

मी लोकांना सांगत असे, मला राजसीची काळजी वाटते. लॅबमधली चांगली पक्की नोकरी, आणि ही पोरगी गिटार घेऊन फिरते. कधी अंबरनाथच्या सोसायटीच्या गणपतीत गाते, कधी कुणाच्या हळदीला, कधी चहाच्या दुकानात. तुला विकतची खोबऱ्याची चटणी आणताना बघितलं तेव्हाही मी काळजीच म्हटलं. पण काळजी वेगळी असते गं. काळजीने माणसाला झोप लागत नाही. मला झोप लागायची, आणि जाग आली की पहिल्यांदा तुझं गाणं आठवायचं.

ते गाणं माझ्यावर आहे, हे मला कळलं होतं.

गेल्या वर्षी तू आम्हाला अंबरनाथच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसवलंस. तुझ्या लेकीच्या बारशाला मी शिवलेला तो निळा ब्लाउज घालून तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हे गाणं आमच्या घरातल्या किचनमधलं आहे." मग सुरू केलंस,

मिक्सर घरघर करतो तेव्हा कुणीतरी गातं,
बटण बंद होताच घर पुन्हा शांत होतं.

लोक आधी हसले. दुसऱ्या कडव्याला कुणी हसलं नाही. माझ्या बाजूची एक अनोळखी बाई डोळे पुसत होती. हे मला म्हणाले, "बरं लिहिलंय हिने. कुणाचं सुचलं असेल?" मी म्हटलं, "काय ठाऊक."

मी मिक्सर लावल्यावरच मोकळ्या गळ्याने गाते, हे ह्यांना एकोणतीस वर्षांत कळलं नाही. तू लग्नानंतर चार महिने या घरात राहिलीस आणि तुला कळलं. कळलं ते कळलं, तू ते गाण्यात घातलंस, आणि टाळ्या तुला मिळाल्या. त्या रात्री मी जेवले नाही. एकादशी नव्हती, पण मी एकादशी आहे म्हणून सांगितलं. बघ, खोटं तिथूनच सुरू झालं.

त्याच कार्यक्रमात तुला नाटकवाल्यांनी पाहिलं. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं पेढे घेऊन आलात. सुयोगचं म्हणणं, आपल्या घरात मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. तू म्हणालीस, "वहिनी, तुम्ही विचाराल तर मी ऐकेन. दुसऱ्या कुणी विचारलं तर नाही." तुझ्या हे लक्षात असेल का? माझ्या आहे.

कौल कसा लावतात ते तू कधी पाहिलेलं नाहीस, कारण माईंची रीतच तशी. विचारणाऱ्याने उंबऱ्याशी डोळे मिटून बसायचं. कौल लावणारीने एकटीने देवीसमोर बसायचं, तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावायच्या आणि विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोणती पडली ते एकटी तीच बघते. माईंचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी हा मान मला दिला. या घरात माझ्या एकटीचं असं तेवढंच काही आहे. तुझ्याकडे गळा आहे, गिटार आहे, फोनवर हजारो माणसं आहेत. माझ्याकडे दोन पाकळ्या होत्या.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजायला आले होते. मी विचारलं, "आई, राजसीने नोकरी सोडून गाणं करावं का?" आणि उजवी पाकळी पडली. घरंगळत नाही, रेंगाळत नाही, जणू वाटच बघत होती अशी पडली. डावी पार संध्याकाळपर्यंत चिकटून होती.

मी बाहेर आले. तुझे डोळे अजून मिटलेले होते. मी म्हटलं, "डावा पडला गं."

राजसी, हे लिहायला मला एक वर्ष लागलं.

तू रडली असतीस, भांडली असतीस, देव वगैरे सब झूट म्हणाली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालीस, "ठीक आहे वहिनी. देवीला जास्त कळतं." आणि उठून चहाचे कप विसळायला गेलीस. सुयोगचा कपही तूच विसळलास. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तू पाठमोरी होतीस. नळ चालू असताना तू काही गुणगुणत नव्हतीस. मला तेवढं कळत होतं.

त्यानंतर मी कौल लावलेला नाही. शेजारची नीलिमा मुलाच्या सोयरिकीसाठी आली होती, तिला सांगितलं मान धरलीये. सोळा सोमवार केले. शिवमंदिरात जाऊन नाक घासलं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहिले. पण देवीचं नाव घेऊन मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि भूक लागली म्हणून ते खोटं कमी होत नाही, हे मला तिसऱ्या सोमवारीच समजलं होतं. उरलेले तेरा सवयीने केले.

आता दुसरं सांगते, जे याहून कठीण आहे.

१९९९ साली, सुयोग शाळेत होता तेव्हा, कल्याणचे एक गृहस्थ गणपतीत आमच्या चाळीत आले होते. भजनांच्या कॅसेट काढायचे. माझा आवाज ऐकून ह्यांना म्हणाले, वहिनींची चार भजनं घेतो, दोन दिवस पाठवा. हे म्हणाले, आईला विचार. माईंनी कौल लावला. मी उंबऱ्याशी डोळे मिटून बसले. आत दूध तापत होतं, त्याचा वास अजून आठवतो. माई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डावो पडलो." मी उठले आणि दूध उतरवलं. त्यानंतर एकदाही मला वाटलं नाही की विचारावं. देवीने नाही म्हटलं, विषय संपला. सव्वीस वर्षं मी त्याचा राग कुणावरही धरला नाही, देवीवरसुद्धा नाही.

पण मी तुला खोटं सांगितल्यावर माझ्या मनात आलं, की हे इतकं सोपं आहे तर.

काल तुमचा फोन झाल्यावर मी माईंच्या पायाला तेल लावत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "माई, त्या कॅसेटच्या वेळी कौल खरंच डावा पडला होता?" त्यांनी पाय जरा आखडून घेतला. मग म्हणाल्या, "आता कित्याक विचारतस ता? तू गेली असतस तर धा माणसांचा जेवाण कोणी केला असता?"

मी म्हटलं, "मी पाकळीचं विचारतेय."

"तेल जास्त झाला," म्हणाल्या. "पुसून काढ."

मी पुसून काढलं. पुढे विचारलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी काय विचारू? आणि कुठल्या तोंडाने? पण रात्रीची भांडी घासताना मी पातेलं जरा जास्तच आपटलं असेन, कारण ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

माई अंगठा लावायच्या, त्यामुळे त्यांच्या कौलाची कुठे नोंद नाही. माझी आहे. मी मॅट्रिक झालेली बाई, घरात काही घडलं की त्याच दिवशी वहीत लिहायची सवय. दूध, गॅस, पाहुणे, कौल. तुम्ही गेल्यावर त्या संध्याकाळी मी वही उघडली. खोटं लिहायला पेन टेकवलं, पण हाताने ऐकलं नाही. तोंडाने खोटं बोलता आलं, वहीत नाही आलं. ते पान फाडून या पत्रासोबत ठेवलंय. याआधी मी वहीचं एकही पान फाडलेलं नाही. १८ ऑगस्ट २०२४, तिसरी ओळ, "राजसी, नोकरी सोडून गाणं. उजवा." खाली पेढ्यांची नोंद आहे, ती वाचू नकोस.

म्हणजे रविवारी मी कौल लावणार नाही. एकदा मिळालेला कौल परत विचारत नाहीत, देवीचा अपमान होतो. तुला होकार एक वर्षापूर्वीच मिळालाय. राजीनामा दे. एक तारखेची वाट बघू नकोस. सुयोगला हे पान दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी त्याला पहिली-दुसरीपासून डबे करून दिलेत, तो माझ्यावर चिडला तर मला सहन होणार नाही, पण ते कारण धरून तू गप्प राहू नकोस. एक वर्ष तुझं गेलंय. त्या जागी दुसरी मुलगी गावोगाव गाऊन आली. ते मी तुला परत देऊ शकत नाही.

माझा हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. गेलेला नाही. तुझं पोस्टर स्टेशनवर लागलं तर मी आधी बघेन की फोटो कसा आलाय, आणि चांगला आला असेल तर मला टोचेल. मी देवीला हेही सांगितलंय.

रविवारी मात्र या. कौलासाठी नको, जेवायला या. यायचं नसेल, तरी मला समजेल. शनिवारी नारळी पौर्णिमा आहे, खोबरं वाटायचंच आहे. काळ्या वाटाण्याच्या उसळीचं वाटपही मी त्याच दिवशी करून ठेवीन. म्हणजे रविवारी मिक्सर लावायची गरज पडणार नाही. दिवसभर बंदच राहील. ते कॅसेटचं पहिलं भजन मला अजून पाठ आहे. चाल माझीच होती, हे त्या गृहस्थांनाही मी सांगितलं नव्हतं. तुला ऐकायचं असेल तर गिटार आण, नाहीतर नुसतीच ये.

मंडळाच्या यादीत मी "सौ. परबवहिनी" आहे, आणि चंदूच्या दुकानात तुझी जाऊ. या पत्राखाली मात्र फक्त माझं माहेरचं नाव लिहिते. माई मला त्या नावाने कधी हाक मारत नाहीत, आणि तुला ते बहुतेक ठाऊकही नसेल.

तुझी अपराधी,
सरस्वती