बाळांबरोबर बाहेर गेलेल्या मुली

प्रिय मुक्ता,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी मुद्दामच उचलले नाहीत. उचलले असते तर भांडले असते, आणि फोनवरच्या भांडणात तू नेहमी जिंकतेस. कागदावर तुला मध्येच 'अगं, ऐक तर' म्हणता येत नाही. तेव्हा चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा अहवाल शाळेत पोचला. उधव्यापलीकडचा आमचा पाडा, त्यातले सहावी ते आठवीचे तीन वर्ग, आणि त्यांच्याबद्दल तुमच्या तपासणीचं म्हणणं असं की वाचनात शाळा तालुक्यात सगळ्यांत खाली, मुलींच्या गैरहजेरीत सगळ्यांत वर, सबब हे वर्ग बंद करून मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवावीत. खाली तुझी सही. आधी मला वाटलं, दुसरीच कोणी मुक्ता असेल.

तुमच्या तक्त्यात मुलांची सगळी फोड आहे. मुलगे किती, मुली किती, आदिवासी किती. पण कोणाचे आईबाप कुठे असतात, याला रकाना नाही. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जातो आणि मुलंही बरोबर जातात. आमचा उमेश पावसाच्या तोंडावर परत येतो तेव्हा हाताला घट्टे पडलेले असतात आणि भागाकार कुठल्या कुठे गेलेला असतो. उरलेले आईबाप पहाटे टेम्पोत उभे राहून गुजरातेतल्या कंपन्यांत जातात, ते अंधार पडल्यावर घरी. जी दोनचार पोरं खरोखर चमकतात, त्यांची प्रवेश परीक्षेची तयारी मीच शनिवारी बसवून करून घेते, आणि पाचवी झाली की ती निवासी शाळेत निघून जातात. जावीतच, मला आनंदच होतो. पण मग त्या शाळेचा निकाल पेपरात छापून येतो आणि आमच्यावर ताशेरे. लोणी काढून न्यायचं आणि वर विचारायचं ताक पातळ का, हा कुठला न्याय ग?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. आजवर काय कमी गिळलंय? पण मुलींची गैरहजेरी वाचली आणि माझं डोकं फिरलं. तुम्ही जुलैत आलात त्या दिवशी सातवीच्या सगळ्या मुली शाळेत होत्या, हजेरी मी स्वतः घेतली होती. आमच्याकडे मोठी बहीण शाळेत येते ती धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच. घरी कोणी नाही, अंगणवाडीत इतकी लहान ठेवून घेत नाहीत, मग बाळ ठेवायचं कुठे? ते बहिणीच्या ताटातली खिचडी खातं, तिच्या मांडीवर झोपतं आणि बहीण शिकते. आमची शाळा चालते ती अशी. तू वर्गात आलीस, रडारड ऐकलीस आणि गोड आवाजातच म्हणालीस, बाळांना जरा बाहेर न्या, चाचणी शांतपणे होऊ दे. मी तेव्हा आठवीत तुझ्या माणसांना पेपर वाटायला मदत करत होते. मुली उठल्या आणि बाळं उचलून स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. त्यांना कोणी परत बोलावलंच नाही. चाचणी झाली ती नुकत्याच भट्टीवरून आलेल्या मुलग्यांची. मुलींच्या रिकाम्या जागा तुम्ही मोजल्या आणि गैरहजर लिहून मोकळे झालात.

मी धाकलीला विचारलं, हे तिचं नावच आहे. सातवीत तिच्याइतकं स्वच्छ कोणी वाचत नाही, आणि दीड वर्षाचा भाऊ तिच्या गळ्यात. ती म्हणाली, "मोठे बायनी सांगला पोऱ्याला बाहेर ने, त मी नेला." मोठी बाय म्हणजे तू. तुझं सांगितलेलं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. हायवेपलीकडच्या शाळेत मी जाऊन विचारून आले, बाळाला घेऊन बसू द्याल का म्हणून. नाही म्हणाले. म्हणजे धाकलीची शाळा सातवीतच संपली, आणि तिच्यासारख्या बाकीच्यांचीही. संतापाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही, मुक्ता.

कोसबाडला शिकत होतो तेव्हा तुझ्या सरावपाठाला असंच एक पोर रडायला लागलं होतं. तू त्याला कडेवर घेतलंस आणि तसेच अपूर्णांक शिकवलेस. परीक्षक हसले, तर त्यांनाच सुनावलंस की बाळ गप्प राहिलं तरच त्याची ताई शिकेल. त्या मुक्तेचा मला काय अभिमान वाटला होता! आता साहेब झालीस, जागा मोजायला शिकलीस, आणि पोरी दिसेनाशा झाल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. अहवालासोबत तू माझ्या बदलीचाही प्रस्ताव दिला आहेस. वर्ग बंद झाले की मी डहाणूच्या शाळेत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझे गुडघे, रोजची एसटी, पुढची पायपीट, सगळं लक्षात ठेवलंस. मैत्रीण म्हणून केलंस हे कळतं, म्हणून तर जास्त लागलं. मी नकार लेखी कळवला आहे. या अहवालावर सोमवारी ग्रामसभा आहे, तिथे तू समोर खुर्चीवर असशील. मी खाली बायकांमध्ये धाकलीच्या आईशेजारी बसेन, तिने कंपनीत खाडा करायचं ठरवलंय. मुली बाळांना घेऊन येतील आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतील. मग मी उठेन आणि हा अहवाल चुकीचा आहे असं तुझं नाव घेऊन सांगेन. ते तू पहिल्यांदा चारचौघांत ऐकावंस, हे मला सहन होणार नाही, म्हणून हे पत्र. माझ्याआधी तू स्वतः उठलीस, तर मी खालीच बसून राहीन.

सोमवारी तुझ्या विरोधात, एरवी तुझीच,
जयमाला