चमचाभर विरजण

रविवार, ६ एप्रिल

ग्रीक सॅलड केलं! मोबाइलवर बघून. काकडी, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची – सगळं मोठं मोठं चिरलं, काळी ऑलिव्ह टाकली, त्यांच्या त्या चीजऐवजी पनीर. वरून दह्याचं ड्रेसिंग. घरचंच दही फडक्यात टांगलं, त्यात लसूण, लिंबू, पुदिना. आत्या, म्हणजे सासूबाई, माढ्याला भाचीकडे गेल्यात. स्वयंपाकघर माझं!

नवरोबा ताटात बघून म्हणतात, "ही कोशिंबीरच की! शेंगाचटणी आण वर." निम्मं उरलं. टाकून दिलं.

सोमवार, ७ एप्रिल

मेले! दूध कोमट करून विरजण घ्यायला गेले, तर दह्याचं गाडगं मीच घासून पालथं घातलेलं. टांगायला सगळं दही काढलं, चमचाभर बाजूला ठेवायचं सुचलं नाही. अक्कल कुठं चरायला गेली होती?

साधं दही नव्हतं ते. आत्यांच्या लग्नात त्यांच्या आईनं दिलेलं विरजण. रोज त्यातलं चमचाभर राखायचं, त्यावर नवं लावायचं. आई गेली, माहेरचं घर विकलं, तरी दही आईचंच. जाताना बजावलं होतं, "बाकी कायबी कर, पर इरजण मोडू नगंस." मी मोडलं. कशासाठी? कोशिंबिरीसाठी!

कोपऱ्यावरून पाकिटातलं दही आणलं. त्याचंच विरजण लावलं. कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

आत्या दुपारी येतायत. गाडगं दोनदा उघडून बघितलं.

बुधवार, ९ एप्रिल

काल भाकरीबरोबर दही वाढलं. आत्यांनी पहिला घास खाल्ला, जरा थांबल्या. "आपलंच हाय की. ग्वाड लागलंय." वर माझ्या पाठीवरून हात फिरवला – "लई नीट सांबाळलंस गं."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं – त्यांनी गाडग्याकडे नुसतं बघितलं तरी दचकते. लाज वाटते स्वतःची.

गुरुवार, १० एप्रिल

एकदम आठवलं – खालच्या शिवम्मा! मागे त्यांचं दही बिघडलं तेव्हा आत्यांनी वाटीभर विरजण दिलेलं. "सारखं काय वाटत बसायचं?" म्हणून मीच कुरकुरले होते. आत्या देवळात गेल्या तशी वाटी घेऊन पळाले.

शिवम्मा हसायलाच लागल्या. "आता आनि कशाला? तुमच्या आत्या आल्या त्याच दिवशी नेल्या की! जेवून उठल्या आनि वाटी घेऊन आल्या. सुनेला सांगू नको म्हटल्या... आता मीच बोलून बसले बघा."

म्हणजे पहिल्याच घासाला कळलं होतं. तरी "आपलंच हाय" म्हणाल्या! जिन्यातच बसून रडले.

शुक्रवार, ११ एप्रिल

संध्याकाळी आत्यांनी स्वतःच दही फडक्यात बांधलं. "तुजं त्ये ग्रीक मला कुटं चाकवलंस?" गाडग्यात चमचाभर राखलेलं होतं. चमचा माझ्या हातात दिला. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं –

"दूद निवतंय," म्हणाल्या. "लाव आदी."