कशानं गेलं ते सांगायचं

माय, गिनी पिग नावाचं जनावर तू कधी बघितलं नाहीस. उंदराहून मोठं, सशाहून लहान, शेपटीचा पत्ता नाही, आणि भूक लागली की शिट्टी मारल्यासारखं ओरडतं. तू म्हणाली असतीस, "दूध न्हाय, लोकर न्हाय, मग पाळायचं कशाला गं?" पण आता धाराशिवात लोक पाळतात. माझ्या दवाखान्यात शेळ्या, कुत्री येतात तशी अधूनमधून हीपण येतात. तुला जाऊन बारा वर्षं झाली. दवाखान्याची पाटी लागली त्या दिवशी ती नवीकोरी असूनही तू पदरानं पुसली होतीस, ते अजून आठवतं. तुला वाचता येत नव्हतं, पण माझं नाव कुठं आहे ते विचारून नेमकं तिथंच दोनदा पुसलंस.

गेल्या महिन्यात दहा वर्षांची एक मुलगी आईला घेऊन आली. बुटाच्या खोक्यात दोन गिनी पिग, एक पांढरं आणि एक तपकिरी. पांढरं मागचे पाय ओढत होतं, उचललं की किंचाळत होतं, खाणं सोडलेलं. मुलगी एकच सांगत होती, "मी त्याला अंघोळ घातली, तेव्हापासून असं झालं." मी हिरड्या बघितल्या नाहीत, काय खाऊ घालता तेही विचारलं नाही. वीस वर्षं शेळ्यांत काढलेली बाई मी, एवढ्याशा जीवात काय अवघड असणार, असा माझा तोरा. करडांना देते तेच पेनिसिलिनच्या जातीचं औषध वजनाप्रमाणं कमी करून तोंडानं पाजायला दिलं. चौथ्या दिवशी ते हगवण लागून मेलं. मुलगी खोकं घेऊन आली आणि रडत रडत विचारायला लागली, "मीच मारलं ना त्याला?" तिची आई म्हणाली, "सांगत होते, पाण्यात घालू नको म्हणून. ऐकेल तर शपथ." मी म्हटलं, ठेवून जा, बघते. त्या पोरीला "नाही" एवढंसुद्धा म्हणाले नाही.

मेलेलं जनावर आत बघितल्याशिवाय पुरायचं नाही, ही तुझी शिस्त. मी ते उघडलं. गुडघ्यांभोवती रक्त साकळलेलं, हिरड्या सुजलेल्या, आणि आतडं पाण्यानं आणि वाऱ्यानं तट्ट फुगलेलं, आतून लालभडक. मग पुस्तकं काढून बसले. कॉलेजात कधीतरी वाचलेलं सगळं परत समोर आलं. शेळी आपलं क जीवनसत्त्व आपल्या अंगातच तयार करते, या जीवाला ते जमत नाही, माणसासारखंच त्याला रोज बाहेरून लागतं. मुलीच्या घरी फोन करून विचारलं, तर त्याला कडब्याची कुट्टी आणि भरडलेली ज्वारी, म्हणजे आपल्या शेळीचा खुराक, हिरवं काहीच नाही. पाय त्यामुळं गेले होते. पण जीव त्यामुळं गेला नव्हता. मी दिलेलं औषध करडांना चालतं, याच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकतं. म्हणजे पोरीच्या अंघोळीनं नाही, डॉक्टरच्या औषधानं. मला तेव्हा काळी शेळी आठवली, माय.

मी नऊ वर्षांची आहे. बेंबळीच्या अप्पांच्या पाच शेळ्या आपल्याकडं अर्धलीनं आहेत. शेळ्या त्यांच्या, राखण आपली, करडं निम्मी निम्मी. आणि शेळी मेली तर ती मालकाला नेऊन दाखवायची, कशानं गेली ते सांगायचं, नाहीतर तुम्ही विकून खाल्ली असं धरतात. सकाळी काळी शेळी पोट फुगून आडवी पडलेली. चुलती म्हणते, "पान लागलं म्हनून सांग की. सापाला कोण इचारायला जातंय?" तू म्हणतेस, "आधी बघू तर दे." बांधावर नेऊन तू विळ्यानं पोट फाडतेस. आंबट वास येतो, आत फुगलेली ज्वारीच ज्वारी. त्यातली मूठभर तू पळसाच्या पानात बांधून माझ्या हातात देतेस, शेळी डोक्यावर घेतेस, आणि आपण बेंबळीची वाट धरतो. अप्पांनी विचारलं, "कशानं गं?" तू म्हणालीस, "म्या पोत्याचं तोंड बांधायचं इसरले, अप्पा. माझ्या हातनं झालं." मी पान पुढं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी उरलेल्या चारही शेळ्या सोडून घेऊन गेला. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. नुसतं साप म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मला वाटायचं. पुढं आसपासच्या वस्त्यांवरून लोक मेलेली करडं घेऊन तुझ्याकडं यायला लागले. "बघा बरं काकू, कशानं गेलं." लोक यायचे ते तू खरं सांगतेस म्हणून, हे कळायला मला लई वर्षं लागली.

तर मी त्या मुलीच्या घरी गेले. आई चहा ठेवायला उठली, तिला म्हटलं, आधी बसा. सगळं सांगितलं. मुलीनं विचारलं, "म्हणजे अंघोळीनं नाही?" मी म्हणाले, नाही. "मग तुमच्यामुळं?" हो, माझ्यामुळं. मुलगी आत जाऊन तपकिरी घेऊन आली, तेही आता पाय ओढायला लागलं होतं, आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मग याला तुम्हीच बरं करा." आता ते पेरू खातं, कोथिंबीर खातं, जीवनसत्त्वाचे थेंब घेतं, आणि परवा दवाखान्यात सगळ्या शेळ्यांच्या वर आवाज काढून शिट्टी मारत होतं. माय, मला माझा अभिमान वाटला. पण त्याहून जास्त तुझा. कॉलेजनं मला जनावर उघडायला शिकवलं. आत दिसलेलं तोंडावर सांगायचं कसं, ते त्या बेंबळीच्या वाटेवर शिकले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, दवाखान्याच्या खणात राहील. एकच सांगायचं राहिलंय, आणि पोरीनं "मीच मारलं ना" म्हटल्यापासून ते रोज आठवतंय. ते पोतं मी उघडं ठेवलं होतं. चिमण्यांना टाकायला मूठभर ज्वारी घेतली आणि तोंड बांधलंच नाही. तुला माहीत होतं. म्हणूनच पान माझ्या हातात दिलंस, आणि बेंबळी येईपर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाहीस.