मळखाऊ अंधार

३ मे, रविवार
आजपासून मी गॉथ. काळे कपडे, डोळ्यांत काजळ, उदास संगीत, समाजाकडे पाठ. परदेशात ही चळवळ चाळीस वर्षं जुनी आहे. आमच्या घरात आज सकाळी सव्वादहाला सुरू झाली. तेवीस वर्षं मी जो होतो तो मी नव्हतोच. ऑनलाइन ग्रुपमध्ये प्रवेश मिळाला. अकरा सभासद. ॲडमिनचं नाव ‘प्रेतछाया’. दिवसा तो विमा कंपनीत असतो, पण मनाने नाही. नियम एकच: फोटोत हसायचं नाही. मला तसंही हसू येत नाही.

५ मे, मंगळवार
कोट आला. घोट्यापर्यंत, लोकरीचा. बाहेर अडतीस डिग्री. दुःखाला घाम येत नाही म्हणे. मला आला.
घरच्यांना धक्का बसणार, म्हणून मनाची तयारी करून हॉलमध्ये गेलो. आईने कापड चिमटीत धरून पाहिलं. बरं केलंस, म्हणाली, मळखाऊ रंग आहे. बाबांनी पेपरातून डोकं काढलं, बुटांच्या साखळ्या स्कूटरच्या चाकात जातील तेवढं बघ म्हणाले, आणि पुन्हा आत गेले. धक्का आतल्या आत बसला असणार. आमच्याकडे बोलून दाखवायची पद्धत नाही.
काजळ धाकट्या बहिणीने घातलं, एका हाताने टोस्ट खात. डावा डोळा वर गेलाय. ती म्हणते, तो आधीपासूनच तसा आहे.

६ मे, बुधवार
असाच कामावर गेलो. लहान मुलांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनला आहे. भिंतीवर ससे आहेत. डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. व्यक्तिस्वातंत्र्यावर चार मिनिटांचं भाषण पाठ होतं. बाईंनी एवढंच विचारलं, साखळ्यांनी फरशीला चरे पडतील का. नाही म्हणालो. मग पुढचा पेशंट पाठवा म्हणाल्या.
भाषण संध्याकाळी बहिणीला ऐकवायला गेलो. तिने दार लावून घेतलं.

८ मे, शुक्रवार
महत्त्वाचा दिवस. सहा वर्षांची एक पोरगी येते, डॉक्टरबाईंच्या बोटाला दोनदा चावलेली. आज तिने दारातूनच भोकाड पसरलं. मी काउंटरमागून सावकाश उभा राहिलो. ती एकदम गप्प. मृत्यूची सावली मुलांना बरोबर ओळखू येते.
जवळ आली, टक लावून बघत राहिली. मग विचारलं, तुझा पण दात दुखतो का?
मी म्हणालो, माझा आत्मा दुखतो.
तो वरती असतो का खाली, असं तिने विचारलं. मग माझा हात धरून खुर्चीपर्यंत गेली आणि आपणहून तोंड उघडलं. डॉक्टरबाई बघतच राहिल्या.

१२ मे, मंगळवार
माझं नाव ‘दातदुखी काका’ पडलंय. काका! तेवीस वर्षांच्या माणसाला! मुलं ओळीने येऊन विचारपूस करतात. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, असा सल्ला आज चौघांनी दिला. डॉक्टरबाईंनी माझं स्टूल काउंटरमागून उचलून पेशंटच्या खुर्चीशेजारी ठेवलं. ठरवलं: उद्यापासून आणखी भयाण दिसायचं. काळी लिपस्टिक.

१३ मे, बुधवार
शाई प्यायलास का, असं विचारलं. आठ जणांनी.

१५ मे, शुक्रवार
उद्या सहाला ग्रुपची पहिली भेट, बंद पडलेल्या गिरणीत. सामूहिक फोटो. येणार नाही तो आपला नाही, असं प्रेतछायाने लिहिलंय. शेवटी माझी माणसं!
डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या पाचला त्या चावऱ्या मुलीची दाढ काढायचीय, तुम्ही नसाल तर ती बसणार नाही म्हणते. मी स्पष्ट नकार दिला. म्हणजे शब्दांत नाही, पण मान अशी हलवली की समजणाऱ्याला समजावं.

१६ मे, शनिवार, दुपारी ४.४०
जाताजाता क्लिनिकवर डोकावतोय. फक्त जमणार नाही हे सांगायला. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी ७.४५
दाढ निघाली. पोरीने माझा अंगठा असा आवळला की अजून बधिर आहे. इंजेक्शन दिसताच मी डोळे मिटले. घाबरू नकोस, मुंगी चावल्यासारखं होतं, असं तिने मला सांगितलं. दाढ ट्रेमध्ये टणकन पडली आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली, काजळ हनुवटीपर्यंत. ती तोंडातल्या बोळ्यासकट खिदळायला लागली. तिच्या आईने दोघांचा फोटो काढला. मी हसलो नाही. तोंड उघडं होतं, इतकंच.
गिरणीवर पोचलो तर शुकशुकाट. वॉचमन म्हणाला, काळे कपडेवाले ना? आत्ताच आइस्क्रीम खायला गेले.

१७ मे, रविवार
क्लिनिकने फोटो पेजवर टाकलाय. माझे सगळे दात मोजता येतात. दुपारी प्रेतछायाने मला ग्रुपमधून काढलं. मीच सोडणार होतो. अकरा म्हणजे फार गर्दी. खरी ओळख कपड्यांत नसते, हे मला आतून जाणवतच होतं. उद्यापासून साधा मी. कोट कायमचा बंद.

१८ मे, सोमवार
निळा चौकड्यांचा शर्ट. काजळ नाही. ताठ मानेने आत गेलो. ती पोरगी दाखवायला आली होती. दातदुखी काका कुठे आहे, असं तिने मलाच विचारलं. मीच तो, म्हणालो. तिने निरखून पाहिलं आणि जी रडायला लागली! मागोमाग बाकावरची तिघं.
डॉक्टरबाई बाहेर आल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, अर्धा तास देते, घरी जाऊन युनिफॉर्म घालून या.
गेलो. आईने कोट उन्हात वाळवून, इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता.