दोन फेऱ्यांमधली दुपार

अपर कोम,
१४ ऑक्टोबर

ती. सिरिलमामा यांस,
ॲड्रियनचा सा. न. वि. वि.

व्हिटबीच्या समुद्रवाऱ्याने तुमचा खोकला वाढला नसेल, अशी आशा आहे. पत्रास कारण आई. गेल्या आठवड्यात तिला एका खाजगी पार्किंग कंपनीची नोटीस आली. ॲशकमच्या सुपरमार्केटच्या वाहनतळावर दोन तासांची मुभा असते. त्याआधीच्या शनिवारी आई तिथे सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत होती, असे कॅमेऱ्याचे म्हणणे आहे. आकार शंभर पौंड, लवकर भरल्यास साठ. गाडी आत जातानाचा एक आणि बाहेर पडतानाचा एक, असे दोन फोटो जोडले आहेत. दोन्हींत आईचीच हिरवी गाडी.

पैशांचे काही नाही. एवढा वेळ तिथे काय करत होतीस, असे मी विचारले, तर बसले असेन कुठेतरी, असे म्हणून ती चहाचे आधण ठेवायला निघून गेली. उगाच गवगवा नको, भरून टाकते, असेही वर म्हणाली. मामा, सत्त्याहत्तर वर्षांची बाई दिवसभर गाडीत बसून राहते आणि तिला ते आठवतही नाही, याचा अर्थ मला लावायचा नाही. पण लावावा लागतो. नाताळच्या आत तिने गाडीच्या किल्ल्या माझ्या स्वाधीन कराव्यात, असे मला वाटते. तुमचे ती ऐकते. तुम्ही लिहाल का?

त्या दिवशी मी ॲशकमला जाणारही होतो. पण आमच्या चर्चच्या घंटा दुपारी सलग तीन तास वाजत होत्या. डोके असे उठले, की पडदे ओढून पडून राहिलो. गेलो असतो तर ती मलाच दिसली असती, ही टोचणी जात नाही.

तुमचा धाक आणि लोभ, दोन्ही असू द्यावेत.

तुमचा,
ॲड्रियन


व्हिटबी,
१७ ऑक्टोबर

चि. म्यूरिएल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिरंजीवांचे पत्र आले. त्यांची विरामचिन्हे अजूनही आगंतुक पाहुण्यांसारखी मिळेल तिथे बसतात. परंतु काळजी खरी आहे, म्हणून लाल पेन्सिल बाजूला ठेवली.

प्रथम, ते पैसे भरू नकोस. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे: दारात ठळक अक्षरांचे पाकीट पडले, की शेजाऱ्यांना कळण्याआधी भरून मोकळे व्हायचे. तो न्यायालयाने केलेला दंड नव्हे. एका कंपनीने केलेली मागणी आहे, आणि मागणीला उत्तर देता येते. शिवाय कॅमेरा येणे पाहतो आणि जाणे पाहतो. एखादी गाडी दिवसातून दोनदा आली, आणि मधल्या नोंदी निसटल्या, तर पहिले येणे व शेवटचे जाणे जोडून तो एकच लांबलचक मुक्काम करून टाकतो. माझ्या शेजाऱ्यांचे असेच झाले होते.

आता तुझ्याविषयी. आईची मुरंब्याची बरणी फुटली, तेव्हाही तू "पडली असेल कुठेतरी" असेच म्हणाली होतीस. तू विसरत नाहीस, म्यूरिएल, तू लपवतेस. ॲड्रियनने ओघात लिहिले आहे, की त्या दुपारी अपर कोमच्या घंटा तीन तास वाजत होत्या. तू कुठे होतीस?

उत्तर टपालाने यावे, टेलिफोनने नको. टेलिफोनवर तू विषय बदलतेस.

तुझा,
सिरिल


ॲशकम,
२१ ऑक्टोबर

ती. दादास,
म्यूरिएलचा सा. न. वि. वि.

मास्तरकी सुटून इतकी वर्षे झाली, तरी पोरींना उभे करून विचारण्याची तुझी हौस फिटत नाही. घे, उभी आहे.

मी त्याच चर्चच्या घंटाघरात होते. आमच्या घंटावाल्यांतला डग्लस पेन्री गेला, हे तुला कळवलेच होते. सगळ्यांत जड घंटा चाळीस वर्षे त्याची. त्याच्यासाठी पूर्ण आवर्तन वाजवायचे ठरले, लोलकांना एका बाजूने चामडे बांधून. म्हणजे एक ठोका स्वच्छ, दुसरा दबका. आठ घंटांना आठ माणसे हवीत, मिळाली सात; आठवी मी. तुला ठाऊक आहे ते किती निर्दय काम असते. पाच हजारांवर फेऱ्या, प्रत्येक फेरीत घंटांचा क्रम वेगळा, समोर कागद ठेवायचा नाही, मध्येच दुसऱ्या कुणी दोर हाती घ्यायचा नाही. एक चुकला, की आठांची दुपार वाया. शिवाय क्रमात बदल कधी करायचा, ते मोठ्याने पुकारायचे काम माझ्याकडे होते.

सकाळी वाणसामान घेऊन मी अर्ध्या तासात वाहनतळातून निघाले होते. सामान घरी टाकले आणि अपर कोमला गेले. गाडी पाद्रीसाहेबांच्या अंगणात लावली, ॲड्रियनच्या खिडकीतून दिसणार नाही अशी. आवर्तनानंतर डग्लसच्या बायकोकडे जायचे होते, तिथे रिकाम्या हाताने कशी जाणार? पुन्हा सुपरमार्केट, आल्याचा एक केक, आणि बाहेर. ही माझी दुसरी फेरी.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मनोऱ्याचा तो गोल जिना पुन्हा चढायचा नाही, असे वचन ॲड्रियनने माझ्याकडून घेतले होते. मी चढले. हळूहळू, भिंतीला धरून. आता खरे सांगितले तर जिना बंद. न सांगितले तर गाडी बंद, आणि गाडीवाचून मी अपर कोमला पोहोचत नाही. दोन्हीकडून माझी घंटाच जाते. म्हणून म्हटले, साठ पौंड भरावेत आणि थोडे दिवस पदरात पाडून घ्यावेत.

दादा, शेवटच्या फेरीला सगळ्या घंटा पुन्हा ओळीने, लहानीपासून थोरलीपर्यंत उतरल्या, तेव्हा मला कळले, की माझे सगळे अजून शाबूत आहे. हे तुझ्यापाशीच राहू दे.

रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी,
म्यूरिएल


व्हिटबी,
२४ ऑक्टोबर

चि. म्यूरिएल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. वर्गात शंभर ओळी न अडखळता म्हणणारा मुलगा निघाला, तर मी त्या दिवशी गृहपाठ देत नसे. तू तीन तास उभी राहून, मृताचा मान राखून, सातजणांची चूक होऊ न देता जे केलेस, त्याला काय द्यावे, हे मला सुचत नाही. मी ते कधीही करू शकलो नसतो. हे वाक्य जपून ठेव. असे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

माझ्याकडून कुणाला कळणार नाही. तू मात्र सांग. वचन मोडलेस, त्याबद्दल मुलाची बोलणी खा. विस्मरणाच्या आरोपापेक्षा अवज्ञेचा आरोप केव्हाही बरा. अवज्ञेला शाबूत डोके लागते.

कंपनीला थोडक्यात लिही. फेऱ्या दोन होत्या; त्या दिवसाच्या सर्व नोंदी काढून पाहाव्यात. गाडी अंगणात उभी होती, याबद्दल पाद्रीसाहेबांची साक्ष आणि घंटावाल्यांच्या सह्या जोड. विनवणी करू नकोस, आणि क्षमा तर मुळीच मागू नकोस.

थंडीत हातमोजे घालत जा. ते हात आता सामान्य राहिले नाहीत.

तुझा,
सिरिल


अपर कोम,
२ डिसेंबर

ती. सिरिलमामा यांस,
ॲड्रियनचा सा. न. वि. वि.

कंपनीने मागणी मागे घेतली. चूक झाली, असे न म्हणता केवळ सदिच्छेपोटी रद्द करीत आहोत, असे लिहिले आहे. आई त्यांची सदिच्छा दिवसभर सगळ्यांना ऐकवत होती.

मात्र मला लिहायचे आहे ते वेगळेच. आज दुपारी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "कोट घाल. तुला माझा गुन्हा दाखवायचा आहे." चर्चपाशी पोहोचेपर्यंत तिने सगळे सांगून टाकले. मी पुष्कळ बोललो. तिने ऐकून घेतले. जिन्याखाली तिने गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, दोर ओढताना खिशात टोचतात म्हणून. मग ती पुढे आणि मी मागे. वर पोहोचलो तेव्हा धापा मी टाकत होतो.

आज पाऊण तासाचे छोटे आवर्तन होते. एक तरुण मुलगी मध्येच आपली जागा चुकली. आईने स्वतःची घंटा न चुकवता, नुसत्या मानेने, तिला ओळीत आणून सोडले. तिच्या ओठांवर ना आकडे होते, ना समोर काही लिहिलेले. मामा, ज्या घंटांमुळे मी पडदे ओढून पडलो होतो, त्या माझी आई वाजवत होती. जिन्याला डाव्या हाताने धरायला दोर बसवण्याचे मी पाद्रीसाहेबांशी बोललो आहे.

खाली उतरल्यावर तिने हात पुढे केला. मी किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने पाद्रीसाहेबांच्या अंगणातून गाडी काढली आणि या खेपेस सरळ माझ्या दारापुढे आणून लावली. आल्याचा केक आई आत कापते आहे. गाडी तिथेच आहे. या दारात वेळेची मर्यादा नाही.

तुम्हीही या, आणि हवे तितके थांबा.

तुमचा,
ॲड्रियन