ताडाची खडीसाखर

आई, पोटुशी असताना मला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी तमिळमध्ये विचारलं, घरात आणखी कुणाला होती का? मी म्हटलं, आईला होती, त्यातच गेली. त्या म्हणाल्या, शुगरने पोटातलं बाळ फार मोठं होतं, कधी दगावतंही. आणि एकदम मला माझ्या पाठचा भाऊ आठवला, जो तुझ्या पोटातच गेला. केवढा भरलेला, गुटगुटीत होता, असं आत्या अजून सांगते. तू मात्र जन्मभर एकच म्हणत राहिलीस, ग्रहणात मी विळीवर बसले, माझंच चुकलं. दवाखान्यातून परतताना वाटभर, माझंही बाळ असंच गेलं तर, एवढंच डोक्यात.

तू नाहीस म्हणून माहेरपण आत्यानेच केलं. तिने वळैकाप्पूला, इथल्या डोहाळजेवणाला, हात भरून काचेच्या बांगड्या घातल्या आणि पुढ्यात तुपाने निथळणारा सक्करपोंगल, गुळाचा भात, ठेवला. मी नुसता जिभेला लावला. बायका म्हणाल्या, असं कसं गं, पोटातलं काय खाईल? मी भात वाटीभर खायची, केळफुलाची भाजी ताटभर, आणि जेवण झालं की गावातल्या महामहम तळ्याला फेरी. बोटं टोचून टोचून चाळणी झाली. तरी सकाळची शुगर खाली येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्सुलिन घ्यावं लागेल. मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले.

आत्या खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. "रडू नको, कण्णा. केशराचं दूध देते." रोज झोपताना ती देते तेच दूध. मला ते गोड लागायचं, पण गोडाला आसुसलेली जीभ, मी म्हणायचे केशरच असेल. खलात पाहिलं तर तपकिरी खडे. "आत्या, हे काय?" "पनंकल्कंडु. ताडाची खडीसाखर." "अगं, साखर घालायची नाही म्हणून सांगितलंय ना!" "मी कुठे साखर घातली? हे औषध. थंड असतं." मी शांतपणे समजावलं की ताडाची असो, उसाची असो, रक्तात गेली की एकच. ती खल बाजूला सारून खालीच बसली. मग म्हणाली, "तुझ्या भावाच्या वेळी तुझ्या आईला तर मूठ मूठ घालून द्यायची मी. तिला तेव्हा शुगर होती का गं?"

दूध बंद झालं. शुगर उतरली, पण थोडं इन्सुलिन लागलंच, म्हणजे सगळं दुधाचंही नव्हतं. परवा मुलगी झाली. ना फार मोठी, ना किरकोळ. तिच्या इवल्या टाचेला टोचून शुगर पाहिली, ती ठीक निघाली. तेव्हा आत्या मला धरून रडली. तू हवी होतीस गं.

ग्रहणाचं काही नव्हतं, आई. बहुधा शुगरच असेल. तेव्हा कुणी तपासलीच नाही, हे अण्णा आपल्या त्या लेकासाठी हळहळत, जाईपर्यंत सांगायचे. तू आता विळी विसर.

हे मुद्दाम तू शिकवलेल्या मराठी अक्षरांत लिहिते आहे. आत्याला तमिळ अक्षरंच वाचता येतात. तिने त्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आईची शुगर तपासली होती, ठीक होती, अण्णाच सांगायचे. ती कधी तुझ्याकडे आली आणि तिने पुन्हा विचारलं, तर तूही तेच सांग.