खासगी प्रत

सोमवार, ३ जून
पोचले एकदाची! खोली लहान आहे, पण उजेडाची, आणि नोंदणी कार्यालय गल्लीच्या टोकालाच. ताईला फोन केला, तर जेवलीस का, ढमे, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत बसली. आई-बाबा गेल्यापासून मला ढमे म्हणणारी ती एकच उरलीय.

साहेबांनी काम समजावलं. इथल्या सगळ्या रहिवाशांची एक भलीमोठी फाइल आहे. ती मेमरीत उघडायची. बदल आधी मेमरीत होतात, मग यंत्रणा सवडीने ते डिस्कवर उतरवते. घाई असेल तर आज्ञा देऊन लगेच उतरवून घ्यायचे. सरावाला मी माझीच नोंद घेतली. ताईकडच्या कार्यालयाने माझं नाव सकाळीच काढलं होतं, ते इथे चढवलं. झाले मी इथली!

मंगळवार, ४ जून
फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, नवीन का? अहो, कालच तर या बाबाने रस्ते समजावताना माझं डोकं खाल्लं होतं! घरमालकीणबाईही जिन्यात म्हणाल्या, खोली बघायला आलात का. मी हसून घेतलं. नव्या जागी असं व्हायचंच.

ताईचा फोन नाही. कामात असेल.

बुधवार, ५ जून
साहेबांनी आधी, आपण कोण, म्हणून विचारलं. मग माझी नोंद शोधली. त्यांच्या पडद्यावर नाही. माझ्या पडद्यावर लख्ख दिसते.

जुन्या माहितीला धक्का नको म्हणून मी फाइल सामायिक न उघडता खासगी उघडली होती. अतिशहाणपणा नडला! खासगी म्हणजे बदल फक्त आपल्या प्रतीत. दुसऱ्या कुणाला ते दिसत नाहीत, आणि कितीही आज्ञा द्या, डिस्कवर उतरत नाहीत. प्रोग्रॅम बंद झाला की प्रत गेली. म्हणजे तिकडून नाव काढलेलं आणि इकडे चढलेलंच नाही. उद्या नीट चढवते.

ताई फोन उचलत नाही. अनोळखी नंबर ती उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा?

गुरुवार, ६ जून
फाइल पुन्हा उघडता येत नाही. यंत्रणा म्हणते, अशी वापरकर्ती नाही. सोमवारी उघडलेली तेवढी चालू आहे — तिच्यात मी आहे.

साहेबांना हात जोडले. त्यांनी प्रेमाने पाणी दिलं. नागरिकांची खिडकी पलीकडे आहे म्हणाले.

घरमालकीणबाईंना ही रोजनिशी दाखवली. कोरी वही कशाला दाखवतेस, म्हणाल्या. भीती वाटते. फार एकटं वाटतं.

शुक्रवार, ७ जून
तंत्रज्ञ आलाय. साफसफाईसाठी यंत्र बंद करणार — ओरडले, थांब म्हटलं — तो शीळ घालत वायरी काढतोय —

ताईने उचलला! कोण हवंय, म्हणाली. मी ढमी, ताई, मी —

ती हसली. हे नाव तुम्हाला कसं कळलं, म्हणाली. लहानपणी धाकटी बहीण हवी म्हणून हट्ट धरला होता, तिच्यासाठी ठरवलेलं हे नाव. ती झालीच नाही पण —

रडू आवरेना. यंत्राचा एकेक पंखा बंद पडतोय — ताई म्हणतेय, अहो, रडू नका — आणि सवयीने विचारतेय, जेवलात